टाचेमागची शीर : विश्रांती घेतली की थांबते, पळू लागलो की पुन्हा दुखते

रामबागकर
१२ जुलै, सकाळी ७.०५

सर्वांना नमस्कार. इंदूरला आमच्या गल्लीत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला येते. त्यामुळे एक दिवसाआड मला अंथरुणातून उठून थेट अकरा पायऱ्या उतराव्या लागतात आणि मोटार लावावी लागते. गेल्या मार्चपासून या अकरा पायऱ्या मी कठड्याला धरून, डावा पाय आडवा टाकत उतरतो आहे. डाव्या टाचेच्या मागे, हाडापासून साधारण तीन बोटे वर, शीर अशी आखडलेली असते की रात्रीतून कोणी ती दोन बोटे आखूड करून ठेवली असावी. पाणी भरून होईपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत, ती सैल पडते आणि दहा वाजता बँकेत माझ्याकडे पाहून कोणाला काही सांगितले तरी खरे वाटणार नाही.

पार्श्वभूमी अशी. वय ५३. जानेवारीत रक्तातील साखर काठावर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आणि मी उत्साहाच्या भरात पळायला लागलो. दोन किलोमीटरवरून सहा आठवड्यांत आठ किलोमीटरवर गेलो, आणि तेही मुलाने घेऊन दिलेल्या नव्या, पातळ तळाच्या बुटांत. मार्चमध्ये दुखणे सुरू झाले. तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, दुखणे थांबले. पळालो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा प्रकार आतापर्यंत तीनदा झाला आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून सांगितले की अकिलिस टेंडन, म्हणजे हीच टाचेमागची शीर, जाड झाले आहे, फाटलेले नाही. फिजिओथेरपिस्टने पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम दिला आणि ‘थोडे दुखले तरी चालेल’ असे बजावले. यावर आमच्या घरातून प्रश्न आला की जे दुखते त्याच्यावरच वजन टाकायचे, हे कुठले शास्त्र? मला उत्तर देता आले नाही. कोणी हे नीट समजावून सांगू शकेल का?

पोटरीपुराण
१२ जुलै, रात्री ९.४०

रामबागकर साहेब, मी पलासियाजवळ सतरा वर्षे फिजिओथेरपी करते आहे. तुमचे निदान तुमच्या डॉक्टरांनी केले आहे, त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. मात्र वहिनींचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो विचारला जात नाही म्हणूनच निम्मे रुग्ण व्यायाम अर्ध्यावर सोडतात.

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरचा, फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस हा गुडघ्याच्या वरून निघतो आणि त्याच्याखाली दडलेला सोलियस गुडघ्याच्या खालून. दोघे मिळून जी जाड दोरी टाचेच्या हाडाला बांधतात ती अकिलिस टेंडन. तिची लांबी साधारण १५ सेंटिमीटर असते आणि शरीरातील ती सर्वांत जाड व सर्वांत बळकट कंडरा आहे. धावताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. तुमचे वजन ७५ किलो धरले तर एका पावलाला साडेचारशे ते सहाशे किलो. असे असूनही तिला मिळणारे रक्त बेताचेच असते, आणि टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात तर फारच तुटपुंजे. तुमची ‘तीन बोटे वर’ ही जागा नेमकी त्याच पट्ट्यात येते.

आता मुख्य मुद्दा. पूर्वी या दुखण्याला शिरेची सूज समजत आणि सूज म्हटली की विश्रांती, बर्फ आणि गोळ्या असे समीकरण ठरलेले असे. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दिसले की जुनाट दुखण्यात नेहमीची दाहाची लक्षणे फारशी नसतात. जे तंतू एका दिशेने, पीळ घातलेल्या दोरखंडासारखे शिस्तीत असायला हवेत ते विस्कटलेले असतात, मध्ये पाणी धरलेले असते आणि म्हणून शीर जाड दिसते. ताण तिच्या ऐपतीपेक्षा वेगाने वाढला की हे घडते. तुमच्या सहा आठवड्यांतील दोनाचे आठ किलोमीटर हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. साखर वाढलेली असणे हेही टेंडनच्या दृष्टीने चांगले नाही.

विश्रांती घेतली की ताण जातो आणि दुखणे थांबते, पण शिरेची ऐपत वाढत नाही. उलट तीन आठवड्यांत पोटरी आणखी दुबळी होते. मग तुम्ही पूर्वीएवढेच पळता, म्हणजे आधीपेक्षा कमकुवत शिरेवर तेवढेच ओझे टाकता. तंतूंना पुन्हा दिशा आणि बळ मिळते ते ओढीमुळे. पेशींना नवे कोलॅजन, म्हणजे तंतूंचे प्रथिन, बनवण्याचा निरोप ओढीतूनच जातो. म्हणून ओझे हेच औषध, फक्त मात्रा मोजून द्यायची. वहिनींना हे एवढेच सांगा.

एक गंमतीची, पण कामाची गोष्ट. १९५० आणि ६०च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळातील मुलांच्या शरीरात गेला. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये त्याच खुणेवरून दाखवले की अकिलिस टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. म्हणजे शाळेत असताना बनलेल्या दोरीवर तुम्ही त्रेपन्नाव्या वर्षी पळता आहात. ती दोन आठवड्यांत ‘दुरुस्त’ होईल ही अपेक्षाच चुकीची आहे. बारा आठवडे ही सुरुवात समजा.

मालवी_मुसाफिर
१३ जुलै, सकाळी ८.१५

उत्तम माहिती. मला दोन वर्षांपूर्वी हाच त्रास होता आणि मी आधी जुन्या शहरातील एका पहेलवानाकडे गेलो होतो. त्याने अंगठ्याने टाचेमागे दाबून निदान केले, ‘भिया, घोडानस चढ गई है’, आणि कोमट तेलाने अशी काही मालिश केली की माझ्या डोळ्यांपुढे सराफ्यातले सगळे दिवे एकदम लागले. तीन दिवस बरे वाटले, चौथ्या दिवशी जैसे थे. आमची आजीही या शिरेला घोडशीर म्हणत असे.

अकिलिस या नावाविषयी सहज सांगतो. ग्रीक कथेतल्या या वीराला आईने टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवले, त्यामुळे टाच तेवढी कोरडी, म्हणजे वेध्य राहिली. फिलिप व्हरहेयेन या शरीररचनाशास्त्रज्ञाने १६९३ मध्ये शिरेला त्याचे नाव दिले. आपल्याकडे श्रीकृष्णालाही जरा नावाच्या व्याधाचा बाण पायालाच लागला, पण तो तळव्याला, त्यामुळे शिरेच्या नामकरणात आपला नंबर लागला नसावा.

प्रश्न असा की मालिश, शेक, इंजेक्शन यांचा काही उपयोग आहे की नाही? मला एका ठिकाणी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले होते, मी घेतले नाही.

पोटरीपुराण
१३ जुलै, दुपारी २.३०

घेतले नाही हे चांगले केले. स्टेरॉइड शिरेत गेले तर दुखणे झपाट्याने कमी होते आणि शीर तुटण्याचा धोका मात्र वाढतो; दुखणे नाही म्हणून माणूस पळतो आणि व्हायचे ते होते. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटची इंजेक्शने, ज्यांना पीआरपी म्हणतात, त्यांचा सध्या बोलबाला आहे आणि खर्चही बराच आहे. मात्र २०१० मध्ये त्यांची तुलना साध्या सलाइनच्या इंजेक्शनशी केली आणि २०२१ मध्ये कातडीखाली नुसती सुई टोचण्याच्या सोंगाशी केली, तेव्हा दोन्ही वेळा रुग्णांमध्ये फरक आढळला नाही. मालिशने पोटरी सैल होते, बरे वाटते. त्याला माझी हरकत नाही, फक्त दुखऱ्या गाठीवर अंगठा रोवून रगडू नये. शीर ‘चढत’ वगैरे नाही, पण ‘घोडानस’ हा शब्द मात्र मला फार आवडतो. माझे काही रुग्ण ‘अकिलिस’ म्हटल्यावर घाबरतात आणि ‘घोडानस’ म्हटल्यावर लगेच समजतात.

व्यायामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तो बहुतेकांच्या हातून घाईने होतो. पायरीच्या कडेवर दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभे राहायचे, कठडा धरायचा. दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या. मग सगळे वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच मोजत मोजत, पायरीच्या पातळीच्या खाली जाईपर्यंत सोडायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाची मदत घ्यायची. गुडघा ताठ ठेवून १५ वेळा असे तीनदा, आणि गुडघा किंचित वाकवून १५ वेळा असे तीनदा. ताठ गुडघ्याने वरचा स्नायू काम करतो, वाकवलेल्या गुडघ्याने सोलियसवर भर येतो. सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. रोजचे १८० वेळा होतात. दुखणे बसले की पाठीवर पिशवी घेऊन वजन वाढवायचे.

ही पद्धत स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याची कथा आमच्या क्षेत्रात सर्वांना पाठ आहे. त्याची स्वतःचीच शीर दुखत होती, वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार नव्हते, तेव्हा ‘तुटली तर करावीच लागेल’ या इराद्याने त्याने तिच्यावर मुद्दाम वजन टाकायला सुरुवात केली आणि ती तुटण्याऐवजी बरी झाली. त्याच्या पहिल्या अभ्यासातील पंधराही हौशी खेळाडू बारा आठवड्यांनी पळू लागले. पुढच्या अभ्यासांत निकाल इतके देखणे आले नाहीत हेही सांगायला हवे. विशेषतः जे मुळात खेळाडू नाहीत त्यांच्यात बऱ्याच जणांना पुरेसा गुण येत नाही. ज्यांना रोज १८० वेळा जमत नाही त्यांच्यासाठी २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये दुसरी पद्धत तपासली गेली : आठवड्यातून तीनदाच, पण जड वजनाने आणि अतिशय संथ गतीने टाचा उचलणे व सोडणे. गुण सारखाच आला आणि लोकांनी ती अधिक नेटाने पाळली. बँकेतल्या माणसाला ही जास्त सोयीची पडेल असे मला वाटते, पण निर्णय तुमच्या फिजिओचा.

आणि ‘थोडे दुखले तरी चालेल’ याचा अर्थ. शून्य ते दहा अशी मोजपट्टी धरा. व्यायामात पाचापर्यंत दुखलेले चालते, असे २००७ मधील एका स्वीडिश अभ्यासानंतर मानले जाते. मी स्वतः रुग्णांना चाराच्या पुढे जाऊ देत नाही. दोन अटी आहेत : दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते बसलेले असले पाहिजे, आणि आठवड्यागणिक सकाळचा ताठरपणा वाढता कामा नये. तुम्हाला तर नळाच्या दिवशीच्या अकरा पायऱ्या ही आयती मोजपट्टी मिळाली आहे.

सुदामानगरची_मास्तरीण
१३ जुलै, रात्री १०.०५

पोटरीपुराण ताई, मी हाच पायरीवरचा व्यायाम एका चित्रफितीत पाहून चार आठवडे केला आणि माझे दुखणे दुप्पट झाले. माझे दुखते ते वर नाही, अगदी टाचेच्या हाडावर, जिथे बुटाची मागची कड घासते तिथे. तिथे हाडाचा टेंगूळही हाताला लागतो. दिवसभर फळ्यापुढे उभी असते. शाळेत सपाट चपला घालते, कारण उंच टाचा वाईट असे सर्वांनी सांगितले आहे.

पोटरीपुराण
१४ जुलै, सकाळी ७.२०

ताई, तुमचे दुखणे त्याच शिरेचे, पण वेगळ्या जागेचे आहे असे वाटते, आणि इथेच चित्रफिती घात करतात. शीर जिथे हाडाला चिकटते तिथले दुखणे असेल तर टाच पायरीच्या खाली सोडल्यावर शीर हाडाच्या त्या टेंगळावर दाबली जाते, आणि मध्ये जी लहानशी पाण्याची पिशवी असते तीही चिरडते. म्हणून तुमचा व्यायाम सपाट जमिनीवर व्हायला हवा : टाच उचलायची आणि जमिनीला टेकेपर्यंतच सोडायची, खाली नाही. पोटरी ताणण्याचे व्यायामही सध्या बंद ठेवा. सपाट चपलांऐवजी टाचेखाली एक सेंटिमीटरभर उंची देणारी गादी आणि मागून मऊ किंवा उघडी असलेली पादत्राणे काही महिने वापरून पाहा. उंच टाचा वाईट हे सरसकट खरे नाही. तुमच्या शिरेला सध्या थोडी उंची हवी आहे.

तळव्याच्या बाजूने, टाचेखाली पहिल्या पावलाला कळ येते ते तिसरेच दुखणे आहे, प्लांटर फॅसायटिस. त्याची भेसळ इथे करू नये, नाहीतर धागा भरकटेल.

एकवीसशून्य
१४ जुलै, रात्री ११.३०

इथे सगळे ‘दुखते’ याविषयी बोलत आहेत. माझी तुटली, आणि दुखले नाही, म्हणून लिहितो आहे.

वय ४१. गेल्या वर्षी बॅडमिंटनचा दुहेरी सामना खेळत होतो. नेटजवळून मागे झेपावताना डाव्या टाचेवर कोणीतरी रॅकेटचा जोरदार फटका मारला असे वाटले आणि ओला बांबू चिरावा तसा आवाज आला. मी वळून जोडीदाराला अत्यंत वाईट शब्दांत झापले. तो बिचारा सहा फुटांवर उभा होता आणि त्याची रॅकेट हवेत होती. आणखी दोन मिनिटे मी त्याच्याशी भांडलो. पुढे कळले की शीर तुटलेले बहुतेक लोक ‘मागून कोणीतरी मारले’ असेच सांगतात.

दहा मिनिटांत दुखणे जवळजवळ थांबले. ज्या रुग्णालयात गेलो तिथे एक्स-रे काढला, हाडे ठीक निघाली, पाय मुरगळला आहे असे सांगून क्रेप बँडेज बांधून पाठवून दिले. मला बोटे हलवता येत होती, पाय खाली दाबता येत होता, सपाट पाऊल टाकत चालताही येत होते, त्यामुळे मलाही ते पटले. एकोणीस दिवस मी तसाच फिरलो. विसाव्या दिवशी रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात गेलो होतो. भुट्ट्याच्या किसाच्या ठेल्यापुढे तोबा गर्दी, म्हणून कढईत किती शिल्लक आहे हे पाहायला चवड्यावर उंच व्हायला गेलो, तर उजवी टाच उचलली गेली आणि डावी जमिनीला चिकटून राहिली. दुखत काहीच नव्हते. मी हुकूम सोडत होतो आणि पाय ऐकत नव्हता. तो क्षण मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शल्यविशारदांनी मला पालथे झोपवले, पावले टेबलाच्या बाहेर लोंबकळत ठेवली आणि पोटरी दाबली. उजवी पोटरी दाबली की पाऊल आपोआप खाली जाई. डावी दाबली तर पाऊल ढिम्म. तपासणीला अर्धे मिनिटही लागले नाही. मग त्यांनी माझे बोट धरून टाचेच्या वर ठेवले आणि ते तिथल्या खड्ड्यात रुतले. पहिल्या ठिकाणी कोणी एवढे केले असते तर तीन आठवडे वाचले असते. राग अजून गेलेला नाही.

उशीर झाल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर बूट, त्यात टाचेखाली पाचरी, मग एकेक पाचर काढणे, नंतर व्यायाम. नऊ महिन्यांनी कोर्टावर पाय ठेवला. डावी पोटरी आजही उजवीपेक्षा दोन सेंटिमीटरने बारीक आहे.

पोटरीपुराण
१५ जुलै, सकाळी ७.५०

एकवीसशून्य, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. हे चुकते कारण घोट्याच्या आतून-बाहेरून जाणारे आणि बोटे वाकवणारे दुसरे स्नायूही पाऊल थोडेफार खाली दाबू शकतात, आणि एक्स-रेमध्ये शीर दिसत नाही. त्यामुळे ‘पाय हलतो आहे’ यावर कधीही विसंबू नये. मागून फटका बसल्याचा भास, आवाज, आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहता न येणे, एवढे असेल तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला गाठावे. साधारण तिशी ते पन्नाशीतील, आठवडाभर खुर्चीवर बसून रविवारी खेळणाऱ्या पुरुषांत हे अधिक आढळते. अर्थात यातून अव्वल खेळाडूही सुटत नाहीत. डेव्हिड बेकहॅमची डावी शीर मार्च २०१० मध्ये सामन्यातच तुटली आणि त्या वर्षीचा विश्वचषक हुकला.

तुटलेली प्रत्येक शीर शिवावीच लागते असे मात्र नाही. वेळेवर निदान झाले तर पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत बांधले जाते, तुटलेली टोके जवळ येतात आणि शीर आपली आपण सांधते. नॉर्वेमध्ये ५२६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले यांच्या चालण्या-वावरण्यात फरक आढळला नाही. न शिवलेल्यांत शीर पुन्हा तुटण्याचे प्रमाण ६.२ टक्के होते आणि शिवलेल्यांत ०.६ टक्के, उलट चेतातंतूला इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत जास्त होते. तेव्हा वय, खेळ, मधुमेह, जखम भरून येण्याची शक्यता हे सगळे पाहून निवड करायची असते. दोन्ही मार्गांत पाय बांधलेला असताना पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली तर ते दुखणे शिरेचे समजून अंगावर काढू नये.

बडोद्याचा_भाचा
१६ जुलै, संध्याकाळी ६.१०

मी बडोद्याला असतो, पण इंदूरच्या मामांसाठी विचारतो. वय ६८, लोकमान्य नगरला एकटे राहतात. कधी पळणे नाही, खेळणे नाही. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या आठवड्यात लघवीच्या संसर्गासाठी लेव्होफ्लॉक्सासिन सुरू झाले आणि चौथ्या दिवसापासून दोन्ही टाचांच्या मागे दुखते म्हणतात. हा योगायोग असेल का?

पोटरीपुराण
१६ जुलै, संध्याकाळी ६.२५

उत्तर लगेच देते आहे कारण थांबण्यासारखे नाही. ज्यांनी औषध लिहून दिले त्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे टेंडन दुखणे आणि तुटणे हा माहीत असलेला धोका आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या गोळ्यांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचे वय आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो, आणि मामांच्या बाबतीत दोन्ही आहेत. संसर्गावर उपचार हवाच, म्हणून गोळी परस्पर बंद करून गप्प बसू नका, डॉक्टर दुसरी देतील. तोवर मामांना जिने चढू-उतरू देऊ नका आणि टाचा उचलण्याचा कोणताही व्यायाम मुळीच करायला लावू नका.

बडोद्याचा_भाचा
१७ जुलै, सकाळी ९.००

औषध काल रात्रीच बदलले. डॉक्टर म्हणाले की बरे झाले कळवलेत. शेजारच्या काकू मामांना डबा वर नेऊन देत आहेत. आपले आभार.

रामबागकर
१९ सप्टेंबर, रात्री ९.१५

नऊ आठवडे झाले, म्हणून अहवाल देतो. आठवड्यातून तीनदा करण्याची संथ पद्धत घेतली. पहिले दोन आठवडे पोटऱ्या अशा भरून आल्या की शिरेचे दुखणे त्यापुढे फिके वाटले. चौथ्या आठवड्यापासून मुलाच्या जुन्या दप्तरात पाच किलो शरबती गहू भरून पाठीवर घेतो. गहू अशासाठी की तो एकेक किलोने वाढवता येतो आणि घरात असतोच. नळाच्या दिवशी पायऱ्या उतरल्यावर जो आकडा वाटेल तो कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लिहितो. जुलैत सात होता, ऑगस्टअखेर तीनवर आला.

दोन चुका केल्या, त्याही सांगतो. ऑगस्टच्या मध्यावर बरे वाटले म्हणून मेघदूत उपवनात थेट पाच किलोमीटर पळालो. आकडा दोन दिवस सहावर गेला. दुसरी चूक अनंत चतुर्दशीची. त्या रात्री झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, पाहायला निघालो आणि पहाटेपर्यंत उभा होतो, मध्ये मध्ये चवड्यावर उंच होऊन पाहतही होतो. पन्नास वर्षांत एकही चुकवलेली नाही, तेव्हा याबद्दल पश्चात्ताप मात्र नाही. आकडा पाच.

पोटरीपुराण
२० सप्टेंबर, सकाळी ७.४०

झांक्यांना माफी आहे, पाच किलोमीटरला नाही. वीस-पंचवीस वेळा एका पायाच्या चवड्यावर, कठड्याला नुसते बोट लावून वर जाता येईपर्यंत पळणे सुरू करू नका. नंतरही एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे असे, दिवसाआड. गहू वाढवत राहा. दुखणे थांबल्यावर व्यायाम सोडून देणारेच माझ्याकडे पुढच्या वर्षी परत येतात.

रामबागकर
१४ डिसेंबर, सकाळी ६.२०

आज नळाचा दिवस होता. थंडी कडाक्याची आहे, त्यामुळे शीर थोडी कुरकुरली, पण कठड्याला हात न लावता सरळ पावलांनी उतरलो आणि मोटार लावून झाल्यावर लक्षात आले की आकडा मनात आलाच नव्हता. मग एक लिहिला. गेले महिनाभर पळणे-चालणे मिळून चार किलोमीटर होते, आठचा मोह सध्या बाजूला ठेवला आहे. डाव्या पायावर बावीस वेळा वर जाता येते, उजव्यावर एकोणतीस.

दप्तरात बारा किलो झाले होते. काल घरी पाहुणे आले आणि कणीक संपली, म्हणून हिने ते दप्तर तसेच उचलून चक्कीवर नेले. नवा गहू भरून येईपर्यंत दोन दिवस व्यायाम बिनवजनाचाच होणार.